पांढरे डाग चौघांना, आजार वेगवेगळे: आधी कोणाला दाखवायचं?

तासगाव तालुक्यातून एका ताईंनी विचारलं आहे. थोडक्यात प्रश्न असा: आठ वर्षांच्या मुलाच्या दोन्ही गालांवर फिकट चट्टे उठलेत. धाकट्या दिरांच्या पाठीवर आणि मानेवर बारीक पांढुरके डाग आहेत, ते उन्हाळ्यात वाढतात. सासूबाईंच्या नडग्यांवर पांढरे ठिपके आहेत आणि टिकलीच्या जागी कपाळही पांढरं पडलंय. गल्लीतल्या बायका म्हणतात, ‘तुमच्या घरात कोड शिरलंय, एकाचं दुसऱ्याला लागतंय.’ नणंदेसाठी स्थळं बघणं चालू आहे, त्यामुळे घरात सगळे धास्तावलेत. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: ‘सासऱ्यांच्या दंडावर पण एक फिकट चट्टा आहे दीड-दोन वर्षांपासून, पण तो खाजत नाही की दुखत नाही, त्यामुळे त्याचं काही नाही.’

ताई, मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करतो. तुम्ही लिहिलेल्या सगळ्या डागांत आधी दाखवायचा तो सासऱ्यांचा. बाकीच्यांचं महिनाभर थांबलं तरी बिघडत नाही. सांगली-मिरजेत इतकी वर्षं कातडीचे रोग बघतोय, आणि गणित नेहमी असंच उलटं दिसतं: पांढराशुभ्र डाग दिसला की माणसं रातोरात गाडी करून येतात, आणि मातकट, निस्तेज, अजिबात त्रास न देणारा चट्टा दोन-दोन वर्षं शर्टाच्या बाहीखाली राहतो. पांढराशुभ्र म्हणजे बहुतेक वेळा कोड, आणि कोडानं जिवाला किंवा हातापायाला काही होत नाही. तो मातकट चट्टा कुष्ठरोगाचा असला तर मात्र आतल्या नसा खराब करत असतो.

सासऱ्यांना कुष्ठरोगच आहे असं मी म्हणत नाही. इथे बसून ते कोणालाच म्हणता येणार नाही. पण ‘खाजत नाही, दुखत नाही’ हे वाचून तुम्हाला हायसं वाटलं, तर मला नेमकं तेच खटकलं. कुष्ठरोगाचे जंतू चेतातंतूंमध्ये घर करतात, त्यामुळे चट्ट्यावरची जाणीव कमी होत जाते. आधी गरम-गारचा फरक कळेनासा होतो, मग हलका स्पर्श, मग वेदना. जंतू शरीरात शिरल्यापासून पहिला चट्टा उठेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा. त्यामुळे ‘आमच्याकडे कोणाला नव्हतं’ किंवा ‘आम्ही कोणाच्या संपर्कात आलो नाही’ यावर विसंबता येत नाही.

या चट्ट्याचा रंग कधीच पूर्ण पांढरा नसतो. आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिकट, कधी किंचित लालसर किंवा तांबूस असतो. त्यावरची लव विरळ झालेली असते. आणि शेतात काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत एक खूण घरच्यांनाच चांगली दिसते: द्राक्षबागेत छाटणी किंवा विरळणी करताना हात घामानं निथळत असतो, पण चट्ट्याची जागा कोरडी राहते, कारण तिथल्या घामाच्या ग्रंथींना जाणाऱ्या नसाही गेलेल्या असतात. सासऱ्यांना एकदा विचारून बघा. बऱ्याच जणांनी हे पाहिलेलं असतं, फक्त बोललेलं नसतं.

घरी करता येईल अशी एक तपासणी सांगतो. कापसाची बारीक वात घ्या, टोक मऊ आणि निमुळतं करा. सासऱ्यांना आधी डोळे उघडे ठेवून दाखवा की काय करणार आहात: कापूस जिथे टेकेल तिथे त्यांनी बोट ठेवायचं. मग डोळे मिटायला लावा. आधी चांगल्या कातडीवर दोन-तीनदा टेकवा, मग चट्ट्यावर, मग परत चांगल्या कातडीवर, मधे नुसतंच थांबा. कापूस फक्त टेकवायचा, ओढायचा नाही. चट्ट्यावर टेकवल्यावर त्यांचं बोट उठलंच नाही किंवा चुकीच्या जागी गेलं, तर तपासणी तिथेच थांबवा आणि दवाखाना गाठा. सुई अजिबात टोचू नका. आणि सगळं कळलं, बोट बरोबर पडलं, म्हणून सोडूनही देऊ नका, कारण सुरुवातीच्या चट्ट्यात स्पर्श शाबूत असू शकतो. तपासताना आम्ही कोपरामागची, गुडघ्याखालची बाहेरच्या बाजूची आणि मानेवरची नस जाड झालीय का, दाबल्यावर दुखते का, हेही चाचपतो. चट्टा दंडावर असला तर कोपरामागची नस विशेष. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर किंवा अशक्त वाटतंय का, हेही त्यांना विचारा. शंका राहिली तर चट्ट्याचा छोटा तुकडा तपासायला पाठवतात.

भारतात डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरुग्णांचं प्रमाण दर दहा हजारांमागे एकाच्या खाली आलं. बातमीचा अर्थ लोकांनी लावला की रोग संपला. नवे डॉक्टरसुद्धा पटकन हे नाव मनात आणत नाहीत आणि बुरशीचं मलम देऊन मोकळे होतात. रोग संपलेला नाही. उपचार मात्र साधे आहेत. पाचपर्यंत चट्टे असतील तर सहा महिने, जास्त असतील किंवा तपासणीत जंतू सापडले तर बारा महिने गोळ्यांची पाकिटं, सरकारी दवाखान्यात पूर्ण मोफत. महिन्यातून एकदा घ्यायच्या गोळीनं लघवी एक-दोन दिवस लालसर होते, त्यानं घाबरून पाकीट फेकून देणारे बघितलेत म्हणून आधीच सांगतो. औषध सुरू झालं की तो माणूस फार लवकर दुसऱ्याला रोग देईनासा होतो. ताटवाटी वेगळी करायची नाही, खोली वेगळी करायची नाही. आणि सोयरिकीच्या भीतीनं लपवण्याचा विचार असेल तर हेही माहीत असू द्या, २०१९ च्या कायदा दुरुस्तीनंतर कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारणसुद्धा राहिलेलं नाही.

आता मुलगा. दोन्ही गालांवर, कडा अस्पष्ट, जवळून पाहिलं तर पिठाळ कोंडा, हात फिरवला तर खरखरीत. तुम्ही ‘थंडीत खरखर होतं आणि उन्हातून खेळून आला की जास्त दिसतं’ असं लिहिलंय, त्यावरून ही मुलांची कोरडी कातडी आहे. वैद्यकीय नाव पिटिरियासिस अल्बा. तीन ते सोळा वर्षांच्या मुलांमध्ये अतिशय नेहमीचं. ज्यांना दमा, सर्दी-शिंका किंवा इसब होण्याची प्रवृत्ती असते त्यांना जास्त. उन्हात बाकीचा चेहरा रापतो, चट्ट्याची जागा रापत नाही, म्हणून मे महिन्यात आयांना वाटतं, डाग वाढले. वाढलेला असतो तो भोवतीचा काळेपणा.

यावर आपल्याकडे दोन निदानं पाठ आहेत: ‘जंत झालेत’ आणि ‘कॅल्शियम कमी पडलं’. दोन्हींचा या चट्ट्यांशी संबंध नाही. जंताचं औषध शाळेत देतात ते जरूर घ्या, पण गालासाठी नाही. साबण चेहऱ्याला कमी लावा, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधं मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली लावा, दुपारच्या उन्हात टोपी घाला. लाल किंवा खाजरं असेल तर डॉक्टर अगदी सौम्य स्टिरॉइडचं मलम चार-आठ दिवस देतील. रंग भरायला काही महिने लागतात, कधी वर्षही. मधे परत उठतात. वयात आल्यावर बहुतेकांचे आपोआप जातात.

एक मात्र आहे. चेहऱ्यावर नसांचं जाळं इतकं दाट असतं की तिथल्या कुष्ठरोगाच्या चट्ट्यावरही स्पर्श कळतो. त्यामुळे मुलाच्या गालावर कापसाची तपासणी करून काही सिद्ध होत नाही. सासऱ्यांचं निदान कुष्ठरोगाचं निघालं, तर मुलाचे गाल मी नव्यानं बघेन, कितीही नेहमीचे वाटले तरी. एकच चट्टा, कोंडा नाही, कड स्पष्ट, मलमानं तीन-चार महिन्यांत काहीच फरक नाही, असं असेल तर दाखवायलाच हवं.

दिरांच्या पाठीवरचं शिबं आहे. यात मला फारशी शंका नाही. मान, खांदे, छाती, पाठ या तेलकट-घामट जागा, बारीक बारीक ठिपके एकमेकांत मिसळून झालेले मोठे डाग, उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाला वाढ. नखानं हलकं खरवडलं किंवा कातडी दोन बोटांनी ताणली की कोंडा सुटतो, ही खूण. ही बुरशी तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच कातडीवर राहते. घाम, दमट हवा, अंगाला चोळलेलं तेल आणि औषध फवारताना घातलेला नायलॉनचा टी-शर्ट मिळाला की काहींच्या अंगावर फोफावते. त्यामुळे दिरांकडून मुलाला लागलं, टॉवेलमुळे पसरलं, असं समजायचं कारण नाही. शिबं पांढरंच असतं असंही नाही, काहींच्या अंगावर तपकिरी किंवा गुलाबी दिसतं.

उपाय: दोन टक्के किटोकोनाझोलचा शांपू मानेपासून कमरेपर्यंत, डाग असलेल्या आणि नसलेल्या जागीही, पाच मिनिटं ठेवून धुवायचा, रोज एकदा, पाच दिवस. फार पसरलं असेल तर डॉक्टर पोटातून गोळ्या देतात. किटोकोनाझोलच्या गोळ्या मात्र यकृताच्या त्रासामुळे यासाठी आता देत नाहीत, मेडिकलवाल्यानं दिल्या तर घेऊ नका. इथे लोकांची फसगत कुठे होते ते सांगतो. बुरशी आठवड्या-दोन आठवड्यांत मरते, कोंडा जातो, पण पांढरेपणा दोन-चार महिने राहतो. मग ‘गुण आला नाही’ म्हणून डॉक्टर बदलतात, मलम बदलतात. कोंडा गेला म्हणजे रोग गेला, रंग मागाहून भरतो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येण्याची शक्यता भरपूर आहे, तेव्हा मार्च उजाडला की शांपू काढून ठेवायचा.

शिब्यावर असो की गजकर्णावर, दुकानातून मिळणारं तीन-चार औषधांचं मिश्र मलम लावू नका. त्यात जोरदार स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून ते गावभर चालतं, आणि बुरशी आत वाढत राहते. वर त्याच मलमानं कातडी पातळ होऊन स्वतःचे वेगळे पांढरे डाग पडतात. हल्ली माझ्यासमोर येणाऱ्या ‘पांढऱ्या डागां’त असे बरेच असतात. सांध्यात किंवा टाचेत स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतल्यावर काही महिन्यांनी त्या जागी पांढरा पट्टा उमटतो, तोही याच प्रकारचा. तो बहुधा सावकाश भरून येतो.

सासूबाईंचं दोन भागांत बघायला हवं. नडग्यांवरचे ठिपके, ज्वारीच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान, पांढरेफटक, गुळगुळीत, सुटे सुटे: चाळिशीनंतर उन्हात राबलेल्या पायांवर आणि हातांवर हे येतातच. वाढून एकमेकांत मिसळत नाहीत. कोड नाही, कुष्ठरोग नाही, उपचारांची गरजही नाही.

कपाळाची गोष्ट वेगळी. टिकलीच्या मागच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटाइलफिनॉल नावाचं रसायन असू शकतं, ते कातडीतल्या रंग बनवणाऱ्या पेशी मारतं. आधी थोडी खाज येते, कधी तीही नाही, आणि मग टिकलीच्या नेमक्या मापाचा पांढरा डाग. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली, केसांना काळा रंग लावणाऱ्यांच्या कपाळाच्या कडेला असेच डाग येतात. वस्तूचा आकार डागावर उमटला की आम्ही आधी वस्तूची चौकशी करतो. टिकली तातडीनं बंद करा. जागा बदलून लावणं हा उपाय नाही, नव्या जागी नवा डाग पडेल. ओल्या कुंकवातल्या रंगांनीही काहींना त्रास होतो, म्हणून काही महिने कपाळाला काहीच न लावणं उत्तम. हे सासूबाईंच्या गळी उतरवणं माझ्या कामापेक्षा अवघड आहे, ते तुमच्याकडे. बऱ्याच जणींचा रंग उपचारांनी परत येतो. मात्र टिकली बंद करूनही डाग पसरला किंवा ओठ, बोटं अशा दुसऱ्याच जागी डाग उठला, तर ते कोड धरून उपचार करावे लागतात.

म्हणजे तुम्ही लिहिलेल्या चौघांपैकी कोडाशी जवळचं नातं असलंच तर या एका कपाळाचं. खरं कोड ओळखायचं कसं, तेही लिहितो, कारण स्थळं बघणाऱ्या घरात हाच शब्द सगळ्यात जास्त छळतो.

कोडाचा डाग पूर्ण पांढरा असतो, फिकट नव्हे. कड स्पष्ट, कोंडा नाही, कातडी मऊ, स्पर्श-घाम-वेदना सगळं शाबूत. आवडत्या जागा म्हणजे ओठांच्या कडा, डोळ्यांभोवती, बोटांची टोकं, गुडघे, कोपरं, घोटे. बहुधा दोन्ही बाजूंना सारखे. डागातले केसही पांढरे झाले असतील तर निदान आणखी पक्कं. खरचटल्या किंवा भाजल्या जागी नवा डाग उठतो. शंका असेल तर अंधाऱ्या खोलीत वुड्स लॅम्प नावाच्या जांभळ्या दिव्याखाली बघतो: कोड निळसर-पांढरं चकाकतं, शिबं पिवळसर सोनेरी दिसतं, कोरड्या कातडीचे चट्टे नुसतेच थोडे फिकट. आणि इथे एक सांगलीची खास अडचण. हळदीचं गाव आपलं, डागावर हळद-साय चोळल्याशिवाय माणूस दवाखान्यात येत नाही. हळद त्या दिव्याखाली स्वतःच पिवळी चमकते, की समोर शिबं आहे की हळद हेच कळू नये. तेव्हा येण्याआधी दोन-तीन दिवस डागावर काहीही लावू नका, पावडरसुद्धा नाही.

कोड हा संसर्ग नाही. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच रंगपेशींवर उलटते, म्हणून आम्ही सोबत थायरॉइडची तपासणी सांगतो. जगात शंभरात एखाद्याला ते असतं, कुठे थोडं कमी, कुठे जास्त. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्यानं होत नाही, आंबट सोडल्यानं जात नाही. रक्ताच्या नात्यात कोणाला कोड असेल तर शक्यता थोडी वाढते, पण बहुतेक नातेवाइकांना ते आयुष्यात कधीच होत नाही. नणंदेच्या अंगावर डाग नसताना भावाच्या शिब्याचा किंवा भाच्याच्या कोरड्या गालाचा तिच्या लग्नाशी काडीचाही संबंध नाही, हे कोणी विचारलं तर ठणकावून सांगा.

उपचार चांगले झालेत. मलमं, वाढ थांबवणाऱ्या गोळ्या, ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचे आठवड्यातून दोन-तीन शेक; चेहऱ्यावर रंग लवकर परततो, बोटांच्या टोकांवर आणि ओठांवर फार चिवट. रंग केसांच्या मुळांशी उरलेल्या पेशींतून भरतो, म्हणून जिथे केस काळे आहेत तिथे आशा जास्त. वर्षभर एकही नवा डाग नसेल तर त्वचारोपण करता येतं. घाईनं केलं तर घेतलेल्या जागीही कोड उठतं. बावची ही आयुर्वेदातली वनस्पती मात्र घरच्या घरी लावू नका. बावची निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. तिच्यात किरणांनी जागं होणारं रसायन आहे आणि त्यावरूनच जुने उपचार निघाले. पण प्रमाण न मोजता लेप लावून आपल्या एप्रिलच्या उन्हात बसलेल्यांच्या अंगावर हाताएवढे फोड आलेले मी बघतो, आणि फोडांच्या जागी पुन्हा कोड.

बाकीचं थोडक्यात. जन्मापासूनचा, दातेरी कडेचा, मुलाबरोबर वाढणारा पण पसरत नसलेला एकच फिकट डाग निरुपद्रवी. पण बाळाच्या अंगावर असे तीन किंवा जास्त पानाच्या आकाराचे डाग असतील, सोबत झटके येत असतील, तर बालरोगतज्ज्ञांना आजच दाखवा. आणि बायकांसाठी एक, कारण ते कोणी बोलत नाही: पाळी गेल्यावर खालच्या भागावर पांढरी, पातळ, सुरकुतलेली कातडी आणि रात्री झोपू न देणारी खाज असेल तर ते कोड समजून गप्प राहू नका. लायकेन स्क्लेरोसस नावाचा तो वेगळा आजार आहे, मलमानं आटोक्यात राहतो, आणि दुर्लक्ष केलं तर थोड्या जणींत पुढे कर्करोगाचा धोका असतो.

फोटो पाठवू का, असं तुम्ही विचारलंय. मुलाचे आणि दिरांचे पाठवा, दिवसाउजेडी, फ्लॅशशिवाय. सासऱ्यांचा पाठवून उपयोग नाही. स्पर्श आणि नस फोटोत येत नाही. त्यांना या आठवड्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, किंवा थेट मिरजेला: तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, आणि रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय तर कित्येक दशकांपासून याच कामाचं आहे. बाही वर करता येईल असा सदरा घालायला सांगा, पण संपूर्ण अंग तपासू द्या, कारण दुसरा चट्टा बहुधा पाठीवर किंवा ढुंगणावर असतो आणि तो स्वतःला दिसत नाही. निदान कुष्ठरोगाचं झालं तर नियमानुसार घरातल्या सगळ्यांची तपासणी होते, आणि ज्यांना द्यायला हरकत नसते त्यांना प्रतिबंधासाठी रिफाम्पिसिनचा एक डोस मिळतो. त्या दिवशी मुलगा, दीर, सासूबाई, नणंद सगळ्यांनाच घेऊन जा.